एअर फिल्टर बदलून गाडीला किती घोडे मिळतात?

गाडीचं वेड असलेल्या पोरांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: "आधी कंपनीचा एअर फिल्टर काढून फेक." पाठोपाठ एखादं रील येतं. बॉनेट उघडं, आत लाल किंवा निळा शंकूसारखा फिल्टर, चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप, आणि ॲक्सिलरेटर दाबला की घशातून आल्यासारखा घोगरा आवाज. खाली लिहिलेलं असतं, पिकअप जबरदस्त, दहा बीएचपी (म्हणजे दहा घोड्यांची ताकद) जास्त, शिवाय ॲव्हरेजही वाढलं. किंमत पाच-सहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत, ज्याची जशी हौस.

एकाच वस्तूने पॉवरही वाढते आणि पेट्रोलही वाचतं असं कोणी सांगितलं, की कागद-पेन घेऊन बसावं. हिशेब अवघड नाही, नववी-दहावीचं भौतिकशास्त्र पुरतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापरातल्या गाडीत या सामानातून मुख्यतः आवाज मिळतो आणि पॉवर नावापुरती मिळते. बदल्यात इंजिनात थोडी जास्त धूळ जाऊ शकते आणि पावसाळ्यात थोडा जास्त धोका पत्करावा लागतो. हौसेला मोल नसतं हे मान्य आहे, आवाजासाठी पैसे घालवायलाही माझी हरकत नाही. पण दुकानदार पॉवर म्हणून विकतोय आणि आपण आवाज घेऊन घरी येतोय, हे कळलेलं बरं.

## इंजिन हवा किती ओढतं?

पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला ऑक्सिजन लागतो. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला ११ किलो हवा. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा जेमतेम १.२ किलो भरते. तेव्हा पंपावर घेतलेल्या प्रत्येक लिटरमागे इंजिन सुमारे ९ हजार लिटर हवा आत ओढतं.

गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल, तर २० हजार किलोमीटरमध्ये साधारण ११०० लिटर पेट्रोल आणि त्यासोबत जवळजवळ १ कोटी लिटर हवा. ही सगळी हवा एका वहीएवढ्या फिल्टरमधून गाळून जाते.

जास्त पॉवर हवी तर जास्त पेट्रोल जाळावं लागतं आणि त्यासाठी जास्त हवा लागते. "फिल्टर मोकळा केला की पॉवर वाढेल" या म्हणण्याचा पाया इथेच आहे, आणि तो चुकीचा नाही. कंपनीचा फिल्टर हवेला नेमकं किती अडवतो, एवढाच प्रश्न उरतो.

## कंपनीच्या काळ्या डब्यात असतं काय?

बॉनेट उघडलं की एका बाजूला प्लास्टिकचा काळा डबा दिसतो, तो एअर बॉक्स. त्याला पुढून एक नळी येते. ती बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा ग्रिलच्या वरच्या कडेला उघडते, म्हणजे बाहेरची थंड हवा मिळावी, पण रस्त्यावरचं पाणी तिथवर पोचू नये अशा उंचीवर. डब्यात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर असतो. डब्याला किंवा पाइपला चिकटलेला, कुठेच न जाणारा एखादा पोकळ फुगवटा दिसतो. तो उगाच दिलाय असं वाटून काही जण काढून टाकतात. तो रेझोनेटर, हवेच्या धडधडीचा आवाज मारण्यासाठी मोजून-मापून बनवलेला. शेवटी पाइप थ्रॉटलपाशी जातो. थ्रॉटल म्हणजे हवेच्या वाटेतली गोल झडप. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते.

वाटेत किंवा थ्रॉटलच्या पुढे एक सेन्सर असतो. आत किती हवा आली हे तो इंजिनाच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीयूला कळवतो, आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडलं जातं. काही गाड्यांत तो हवेचा प्रवाह थेट मोजतो, त्याला एमएएफ सेन्सर म्हणतात. आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत तो दाब मोजतो आणि ईसीयू त्यावरून हवेचा अंदाज बांधतो.

## बाजारात मिळतं ते काय?

एक, कंपनीच्याच डब्यात बसणारा बदली फिल्टर. दुकानात याला 'ड्रॉप-इन' म्हणतात. कागदाच्या जागी तेल लावलेल्या सुती जाळीचे थर असतात किंवा स्पंज असतो. या सुती फिल्टरचं नाव झालं ते १९६९ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन कंपनीमुळे.

दोन, डबाच काढून थेट आखूड पाइपवर बसवलेला उघडा शंकू. रीलमध्ये बहुधा हाच दिसतो. आपण त्याला ओपन फिल्टर म्हणू.

तीन, लांब पाइपने फिल्टर खाली बंपरच्या आत किंवा चाकाच्या कमानीपाशी नेणारा 'कोल्ड एअर इनटेक'. इंजिनाच्या उष्णतेपासून दूर जाऊन थंड हवा घ्यायची, ही त्यामागची कल्पना.

## दहा घोड्यांचा हिशेब

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. स्वच्छ कागदी फिल्टर पूर्ण थ्रॉटलवर, चढ्या आरपीएमला (म्हणजे इंजिन मिनिटाला खूप फेरे घेत असताना) त्यातला १ किलोपास्कलच्या आसपास दाब खातो. काही गाड्यांत त्याहून कमी, काहींत थोडा जास्त. म्हणजे सुमारे १ टक्का. ८० बीएचपीच्या गाडीत १ टक्का म्हणजे पाऊण-एक घोडा. आणि हा हिशेब फिल्टर पूर्णच काढून टाकला तर. जगातला कितीही मोकळा फिल्टर लावला तरी हवेला काहीतरी अडथळा होणारच, तेव्हा ड्रॉप-इनमधून मिळणार अर्धा घोडा, फार तर त्याच्या आगेमागे. दहा घोडे येणार कुठून?

नळी, डबा, रेझोनेटर, वळणं हे सगळं धरून पाहिलं तर एकूण अडथळा जास्त भरतो. म्हणून पूर्ण इनटेक किट बदलल्यावर काही गाड्यांत, टॉपच्या आरपीएमला, दोन-तीन टक्के खरंच मिळतात. ही कमाई खोटी नाही. पण ती मिळते पाच-सहा हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना. कात्रज चौकात ही वेळ कधी येते?

शहरात चालवताना तर गंमत आणखी वेगळी. आपण साठच्या वेगाने सपाट रस्त्यावर जात असतो तेव्हा थ्रॉटलची झडप बरीचशी बंदच असते आणि तिच्या पलीकडचा दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली असतो. आपण स्वतःच झडपेने पन्नासेक किलोपास्कल अडवून ठेवलेले असताना, तिच्या अलीकडे फिल्टरने एखादा किलोपास्कल सोडला काय आणि धरला काय. जास्त हवा हवी असेल तर पाय थोडा दाबायचा, इतकंच.

डोंगर चढणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा ५ टक्क्यांनी विरळ. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, तिथे ही तूट १२ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेली तीच गाडी मुंबईहून पुण्याला आणली, की कुठल्याही फिल्टरने दिले नसते तेवढे घोडे घाटातच गळतात. आपल्यापैकी कोणालाही ते जाणवलेलं नसतं.

## उघडा शंकू आणि बॉनेटखालची भट्टी

हवा तापली की प्रसरण पावते, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. दर ३ अंशांमागे साधारण १ टक्का तूट धरावी. मे महिन्यात बाहेर ३५ अंश आहेत आणि सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ६०. कंपनीची नळी बाहेरची हवा घेते, उघडा शंकू बॉनेटखालची. फरक साडेसात टक्क्यांचा. ८० घोड्यांतले सहा इथेच गेले.

गाडी वेगात असताना बॉनेटखाली वारा फिरतो आणि हा तोटा बराच कमी होतो. पण ज्याने पिकअपसाठी ओपन फिल्टर लावला, त्याचा पिकअप सिग्नल सुटताना सगळ्यात कमी असतो. काही किटमध्ये शंकूभोवती पत्र्याचा आडोसा देतात, त्याने फायदा होतो. आडोसा चारी बाजूंनी बंद करून त्याला बाहेरची हवा आणणारी नळी जोडली, तर आणखी फायदा होतो. तेव्हा आपण पंधरा हजार खर्चून कंपनीचाच डबा पुन्हा बनवलेला असतो.

## "पण मला फरक जाणवला!"

हे शंभरातले नव्वद जण सांगतात आणि खोटं बोलत नाहीत. पहिलं कारण आवाज. रेझोनेटर आणि डबा गेला की इंजिनाचं श्वास घेणं थेट कानावर येतं, आणि आपला मेंदू आवाजावरून वेग ठरवतो. दुसरं, नवं सामान लावल्यावर पाय आपोआप जास्त दाबला जातो. तिसरं कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. नवा फिल्टर ज्याच्या जागी बसला, तो जुना कागदी फिल्टर दोन वर्षांचा, मातीने भरलेला असतो. तुलना व्हायला हवी नव्या कागदी फिल्टरशी, आणि तो पाचशे रुपयांत मिळतो.

"डायनोचा रिपोर्ट आहे" असंही सांगतात. डायनो म्हणजे रोलरवर गाडी पळवून पॉवर मोजणारं यंत्र. एकाच गाडीच्या, काहीही न बदलता, पाठोपाठ घेतलेल्या दोन मोजण्यांत एक-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो, कारण इंजिन, तेल, टायर, खोलीतली हवा सगळंच तापत असतं. त्यात बॉनेट उघडं ठेवून समोर मोठा पंखा लावलेला असतो. ओपन फिल्टरला अशी थंड हवा रस्त्यावर कधीच मिळत नाही. रिपोर्ट पाहायचाच असेल तर दोन्ही फिल्टरांच्या तीन-तीन मोजण्या, बॉनेट बंद ठेवून घेतलेल्या मागाव्यात. बहुतेक दुकानदार इथे चहा मागवतात.

## ॲव्हरेजचं काय?

जुन्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे ईसीयूऐवजी हवेच्या ओढीनेच पेट्रोल मिसळणाऱ्या गाडीत फिल्टर चोंदला की मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचं, काळा धूर यायचा, ॲव्हरेज पडायचं. 'फिल्टर साफ ठेवा, पेट्रोल वाचवा' हा सल्ला त्या काळातला आणि त्या काळापुरता बरोबरही. आताच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी करतो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये हे तपासलं. इंजेक्शनच्या, म्हणजे ईसीयू मोजून पेट्रोल सोडतो अशा गाड्यांत फिल्टर मुद्दाम चोंदवूनही ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पूर्ण पाय दाबल्यावर गाडी वेग घ्यायला मात्र जास्त वेळ लावत होती. चोंदलेल्या फिल्टरने जिथे ॲव्हरेज पडत नाही, तिथे स्वच्छ फिल्टरहून थोडा मोकळा फिल्टर लावून ते वाढेल कसं? डिझेलचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे थ्रॉटलने पॉवर ठरत नाही, आणि हवा फारच कमी पडली तर काजळी वाढते. पण तोही प्रश्न चोंदलेल्या फिल्टरचा झाला.

## धूळ: खरा सौदा इथे होतो

पीठ चाळणीने चाळलं की भराभर पडतं, पण कोंड्याचे बारीक कण सोबत जातात. तेच फडक्यातून वस्त्रगाळ करायला घेतलं तर कण राहतो, पण वेळ लागतो. घाईही आहे आणि वस्त्रगाळही हवं, तर उपाय एकच, फडकं मोठं घ्यायचं. फिल्टरचंही असंच आहे. मोकळी हवा आणि बारीक गाळणी दोन्ही हवी असेल तर क्षेत्रफळ वाढवावं लागतं, आणि कागदाला घड्या घालतात त्या याचसाठी. त्या वहीएवढ्या चौकटीतला कागद उलगडला तर चौकटीच्या कितीतरी पट भरतो.

त्याच मापात बसणारा आणि जास्त मोकळा फिल्टर म्हटला, की त्याची छिद्रं मोठी असणार हे ओघानेच आलं. तेल लावलेली सुती जाळी ही तूट तेलाच्या चिकटपणाने भरून काढायचा प्रयत्न करते आणि बऱ्याच अंशी काढतेही. तरी चांगला कागद सहसा पुढे राहतो.

विक्रेते टक्के सांगतात आणि तिथे आपली फसगत होते. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७.५ टक्के. ऐकायला दोन टक्क्यांचा फरक. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नाही, त्याला आत आलेली भोवते. पहिल्यातून १०० ग्रॅममागे अर्धा ग्रॅम आत जाते, दुसऱ्यातून अडीच ग्रॅम. पाचपट. फिल्टर घेताना आयएसओ ५०११ या चाचणीचा आकडा विचारावा. त्यात ठरलेल्या प्रवाहात ठरावीक प्रकारची धूळ सोडतात आणि किती अडली हे वजन करून काढतात. डब्यावर नुसतं 'हाय फ्लो' लिहिलेलं असेल, तर दुसरी बाजू लपवली आहे असं मी समजतो.

ही धूळ करते काय? मातीत सिलिकाचे कण असतात आणि ते साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. पाच ते वीस मायक्रॉनचे कण (आपला केस पन्नास-सत्तर मायक्रॉनचा) पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या थरात शिरतात आणि दोन्ही बाजू घासत राहतात. हे पहिल्या वर्षी कळत नाही. ऐंशी हजार किलोमीटरनंतर गाडी तेल खायला लागते आणि दोष तेलाच्या कंपनीला जातो.

धूळ किती येते हे मात्र रस्त्यावर अवलंबून आहे. शहरी हवेत घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम धूळ धरली, तर त्या १ कोटी लिटर हवेत मिळून ती भरते जेमतेम २ ग्रॅम. पण खडी मशीनकडे जाणाऱ्या डंपरच्या मागे, उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या कच्च्या रस्त्यावर किंवा कोकणात चौपदरीकरणाच्या लाल मातीत हेच प्रमाण शेकडो पटींनी वाढतं. बांद्रा-अंधेरी करणाऱ्याला सुती फिल्टर पचून जाईल. उसाच्या हंगामात शेतरस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याने कागदच ठेवावा.

आपल्या गाडीत काय चाललंय हे घरी बघता येतं. इंजिन थंड असताना डब्याच्या क्लिपा सोडवा. काही गाड्यांत स्क्रू असतात. फिल्टर उचलला की खालच्या बाजूला वाळकी पानं, किडे, मातीचा थर दिसेल. तो दिसायलाच हवा, त्याचं काम तेच. आता वरच्या बाजूचा, म्हणजे फिल्टर ओलांडून इंजिनाकडे जाणारा पाइप बघा. त्यात पांढरं फडकं आतून फिरवा. किंचित तेलकट डाग आला तर घाबरू नका, इंजिनातली तेलाची वाफ त्याच पाइपमध्ये सोडलेली असते. पण बोटांना कचकच लागली तर धूळ फिल्टर ओलांडून जाते आहे. बहुतेकदा दोष फिल्टरच्या कडेच्या रबरात किंवा नीट न बसलेल्या झाकणात सापडतो. हजारोंचा फिल्टर वाकडा बसला तर त्याच्यापेक्षा सरळ बसलेला चारशेचा बरा.

कागदी फिल्टर गॅरेजमध्ये टायरवर आपटून वर कॉम्प्रेसरची हवा मारायची पद्धत आहे, तीही बघा. जोराच्या हवेने कागदाला सुईएवढी भोकं पडतात. फिल्टर उन्हाकडे धरला की ती दिसतात. शिवाय थोडा मळलेला कागद नव्यापेक्षा जास्त चांगलं गाळतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. तेव्हा दर सर्व्हिसिंगला त्याच्या खोड्या काढण्यात काही मिळत नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला, कच्च्या रस्त्यांचा वापर असेल तर त्याच्या निम्म्याला, सरळ नवा टाकावा.

## "एकदाच घ्यायचा आणि धुऊन वापरायचा, मग स्वस्तच ना?"

धुता येतो हे खरं. त्यासाठी खास साबण, पाण्याने उलट बाजूने धुणं, सावलीत पूर्ण वाळवणं आणि मग मोजून तेल लावणं आलं. तेल कमी पडलं तर धूळ जाते. जास्त झालं तर हवेबरोबर उडून एमएएफ सेन्सरच्या तापलेल्या बारीक तारेवर बसू शकतं. मग हवेचं मोजमाप चुकतं, गाडी अडखळते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. पाइपचा व्यास बदलला तरी हा सेन्सर फसतो, कारण कंपनीने त्याचा हिशेब मूळ पाइपच्या मापावर बसवलेला असतो.

पैशाचं म्हणाल तर पाच-सहा हजारांत दहा-बारा कागदी फिल्टर येतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणारी गाडी तेवढे फिल्टर संपवण्याआधी बहुधा विकली जाते.

## पावसाळा

कोल्ड एअर इनटेकचा फिल्टर बंपरमागे खाली असतो, म्हणजे कंपनीने मुद्दाम उंच ठेवलेलं तोंड आपण पैसे देऊन पाण्याजवळ नेतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं आणि पिस्टन वर आला, तर पाण्याला जायला जागा नसते आणि सगळा जोर पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो, कधी मोडून ब्लॉक फोडतो. याला हायड्रोलॉक म्हणतात.

त्याला पाणी किती लागतं? १.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचं माप ३०० मिलिलिटर. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली आणि वर असतानाच्या जागेचं प्रमाण) ११ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ३० मिलिलिटर. दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की इंजिनाचं काम झालं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस रोज येत नाही, पण मिलन सबवे किंवा हिंदमाता भरायला तेवढा पाऊस लागतही नाही. फूटभर पाण्यात कंपनीची गाडी बहुधा निघून जाते. खाली फिल्टर असलेल्या गाडीला समोरून येणाऱ्या बसने उडवलेली लाट पुरते. काही किटमध्ये पाणी आलं की वरून हवा घेणारी झडप देतात, फिल्टर भिजू नये म्हणून त्यावर घालायचे बुरखेही मिळतात. बुरखे शिंतोड्यांपुरते ठीक.

गाडी पाण्यात बंद पडली तर एक गोष्ट करू नये, पुन्हा स्टार्टर मारू नये. पहिल्या झटक्यात वाचलेला रॉड दुसऱ्यात वाकतो. आणि हे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. ते घेतलेलं असलं तरी इनटेक बदललेला पाहिल्यावर सर्व्हेअर काय लिहील, याचा विचार आपणच करावा.

## मग हे घ्यावं कोणी?

टर्बोच्या गाडीत ईसीयू ठरलेला दाब मिळवतोच. फिल्टर थोडा चोंदला तर टर्बो थोडा जास्त फिरतो, मोकळा केला तर कमी. म्हणून नुसत्या इनटेकने इथेही फारसं काही होत नाही. पण ईसीयूचं रीमॅपिंग केलं, म्हणजे त्यातला हिशेबच बदलला, टर्बो मोठा बसवला, की इंजिन मूळ मापापेक्षा बरीच जास्त हवा मागतं, आणि तेव्हा कंपनीचा डबा खरोखर आडवा येतो. ट्रॅकवर पळवणारे, रॅलीवाले, इंजिनात आतून बदल केलेले, यांना चांगल्या इनटेकचा उपयोग आहे आणि ते त्याची किंमत जाणून असतात. एवढंच की टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, आणि धुळीचा पहिला मार त्यांनाच बसतो. त्यामुळे इथे गाळणी हलकी असून चालत नाही.

आवाजाचीच हौस असेल तर डबा तसाच ठेवून नामांकित कंपनीचा ड्रॉप-इन टाकावा. आवाज थोडाच वाढेल, पण नुकसानही थोडंच. ओपन फिल्टर लावायचा तर निदान आडोशासकट घ्यावा आणि पावसाळ्याचे चार महिने मूळ डबा परत बसवावा.

## आरटीओ, विमा, वॉरंटी

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याच्या लेखी 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेतला, मूळ स्वरूप बदलणारा बदल, तेव्हा डब्यात वेगळा फिल्टर टाकला म्हणून कोणी पकडणार नाही. पण डबा काढून आवाज वाढवलेली, पीयूसीला नापास होणारी गाडी नाक्यावर अडवली तर तिथे भौतिकशास्त्राचा हिशेब ऐकायला कोणी थांबत नाही.

वॉरंटीत असलेल्या गाडीचं इंजिन बिघडलं आणि बॉनेटखाली शंकू दिसला, तर सर्व्हिस सेंटरला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. विमा कंपनीला मोठे बदल कळवून ठेवणं शहाणपणाचं. आणि काही झालं तरी कंपनीचा डबा, रेझोनेटर, नळी आणि क्लिपा फेकू नका, माळ्यावर ठेवा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हे विचारायलाच हवं. बॉनेट उघडल्यावर चकचकीत पाइप दिसला, तर कौतुक करण्याआधी तो पाइप सोडवून आत फडकं फिरवायला सांगा. कचकच आली तर सौदा सोडा. पाइप स्वच्छ असेल तर मूळ डबा मागा. नसेल तर सर्व्हिस सेंटरमधून त्याची किंमत काढा आणि तेवढी सौद्यातून कापून घ्या.